प्रोटीन डबल प्लस

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, यावर आमच्या घरात कुणाचंही दुमत नाही. मैत्रीताईचं लग्न जुळत होतं तेव्हा बोलणी पक्की होण्याआधीच मी गल्लीत सगळ्यांना नवऱ्या मुलाचा पगार सांगून आलो होतो. पूर्वाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाढदिवसाची भेट काय मिळणार हे दरवर्षी आठवडाभर आधी कळतं, कारण ती मीच विकत घेतो. गंमत म्हणजे पोटासाठी मी जे काम करतो ते याच्या बरोबर उलटं आहे. खराडीच्या एका आयटी कंपनीत मी ईमेलची सुरक्षा सांभाळतो. कुठली मेल आत घ्यायची आणि कुठली माहिती कंपनीबाहेर जाऊ द्यायची नाही, याचे नियम मी लिहितो. नोकरी लागली तेव्हा ताईला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे कंपनी बुडणार."

ताई असंच बोलते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तहसील कचेरीत अव्वल कारकून. तिच्या टेबलासमोर भलेभले वकील खुर्ची ओढण्याआधी विचारतात. घरातही तिचं बोलणं तेवढंच, शेरा मारून फाईल पुढे सरकवल्यासारखं.

दोन वर्षांपूर्वी ताईचा चेहरा भरला. सकाळी उठली की गाल वर आलेले, डोळे बारीक झालेले. नुकतीच बढती झाली होती, त्यामुळे सगळे खूष. आमच्याकडे माणूस जाड झाला की 'तब्येत सुधारली' म्हणतात आणि बारीक झाला की 'तब्येतीला काय झालं?' असं विचारतात. त्या हिशेबानं ताईची तब्येत फारच सुधारली. पायात चपला मावेनात, तेव्हा तिनं एक माप मोठ्या घेतल्या. लघवीला फेस यायचा, त्याचा दोष तिनं संडास धुण्याच्या नव्या औषधाला दिला. मी तर तिच्या दंडावर बोट दाबून म्हणालो होतो, "बढती अंगाला लागली हं." दाबलेल्या जागी खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. त्यावर मी हसलो होतो. माझ्या बुद्धीची कुवत कळायला एवढं पुरेसं आहे.

ते पाणी होतं. तिच्या दोन्ही किडन्यांमधून प्रथिनं गळत होती आणि कितीतरी दिवसांपासून गळत असणार. निदान झालं, औषधं झाली, पथ्यं झाली, पण तोवर उशीर झाला होता. मग आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसच्या खुर्चीत बसायला लागली, हाताला दोन जाड सुया लावून. दिवसभरात प्यायचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून मिळायचं. उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची आणि आम्ही तिच्यासमोर पाणी प्यायला लाजायचो.

डॉक्टर म्हणाल्या, किडनी मिळाली तर बदलता येईल. आईला शुगर. सुखदेव दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, रक्तगट जुळेना. दवाखान्याच्या यादीत नंबर लावला होता, पण ती यादी काही लवकर हलणारी नव्हती. ताईच्या येरवड्याच्या घरी सगळे गप्प बसले होते. ती शांतता मला सहन झाली नाही आणि मी म्हणालो, "मी देतो."

विचार करून बोललो असतो तर कदाचित बोललोच नसतो. पण शब्द बाहेर पडला होता. आई रडायला लागली, दाजींनी माझे दोन्ही हात धरले, पूर्वानं माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर पहिल्यांदाच आपण तिला आवडलो असं वाटलं. ताई मात्र म्हणाली, "आधी तपासण्या होऊ देत. तोवर तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक झालं.

माझा मॅनेजर श्रीनिवास भावूक माणूस. "प्रज्ञेश, यू आर टू मच यार," म्हणत त्यानं मला कॅन्टीनमध्येच मिठी मारली. आठवड्याभरात कॅन्टीनच्या भिंतीवर माझं पोस्टर लागलं. त्यावर माझा हात बांधून उभा असलेला फोटो आणि खाली 'अवर रिअल हीरो'. सगळ्या मजल्यांच्या सभेत मला एक मग मिळाला, त्यावरही तेच. मी चार शब्द बोललो. 'मी फार काही करत नाहीये' हे वाक्य मी घरून पाठ करून नेलं होतं आणि ते म्हणताना आवाज थोडा घोगरा कसा करायचा तेही आरशासमोर बघून ठेवलं होतं. किडनी अजून माझ्याच पोटात होती आणि कुणी तिची साधी तपासणीही केली नव्हती.

पण हीरो म्हटलं की शरीर कमवायला हवं. मी जिम लावली. तिथल्या ट्रेनरनं प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा दिला आणि सांगितलं, "सर, प्रोटीन हीच ताकद." मी सकाळ-संध्याकाळ ती दुधात ढवळून प्यायला लागलो.

आणि तपासणीच्या दिवशी सिंहगड चढलो. पुण्यात माणूस धडधाकट आहे की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत, सिंहगड ठरवतो. रविवारी पहाटे जायचं, धापा टाकत वर पोचायचं आणि उतरल्यावर भेटेल त्याला किती वेळात चढलो ते सांगायचं. समोरचा नेहमी आपल्यापेक्षा कमी वेळात चढलेला असतो, तो भाग वेगळा. मी त्या दिवशी पाठीवर भरलेल्या बाटल्यांची पिशवी घेऊन जवळजवळ पळतच चढलो, तसाच पळत उतरलो आणि गाडी काढून थेट लॅबमध्ये गेलो. आंघोळ केली नाही. नमुना घेणाऱ्या बाईंना माझा घाम दिसावा अशी इच्छा होती. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि बाटली हातात दिली.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. बाकी आकडे मला कळले नाहीत, पण एका ओळीवर नजर खिळली. प्रोटीनसमोर दोन अधिकची चिन्हं होती. आयुष्यात मला कशातही डबल प्लस मिळालेलं नव्हतं. मी त्या ओळीचा फोटो काढला आणि घरच्या व ऑफिसच्या अशा दोन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'प्रोटीन डबल प्लस!' श्रीनिवासनं लिहिलं, 'बीस्ट!' कुणीतरी टाळ्या पाठवल्या. आईनं हात जोडले. घरच्या ग्रुपवर ताईचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं: 'हे लघवीत आहे. डॉक्टरांना दाखव.'

डॉक्टर आलिया मुजावर ताईवर सुरुवातीपासून उपचार करत होत्या. बारीक चणीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्ही अभिनंदनासाठी आणलंय का?"

मी हसत म्हणालो, "प्रोटीन चांगलं आलंय ना?"

"चांगलंच आहे. रक्तात असेल तर. तुमचं बाहेर निघालंय."

मग त्यांनी टेबलावरचा कागद ओढून चित्र काढलं. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला तीन पदर. पहिल्या पदराला बारीक खिडक्या, त्यातून रक्तातल्या पेशी पार होत नाहीत. मधला पदर घट्ट विणलेल्या चटईचा. तिसऱ्या पदरातल्या पेशी आपले पाय एकमेकींच्या पायांत गुंतवून बसलेल्या असतात आणि दोन पायांमधल्या फटीवर आणखी एक नाजूक पडदा. पाणी, क्षार, युरिया यांना वाट मिळते. अल्ब्युमिन हे रक्तातलं मोलाचं प्रथिन, त्याला मिळत नाही.

"मोठं असतं म्हणून?" मी विचारलं.

"मोठं तर असतंच. शिवाय त्याच्यावर ऋण भार असतो आणि या गाळणीवरही ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, शाळेत शिकला असाल. म्हणून ते दाराशी आलं तरी मागे फिरतं. तुमच्या बहिणीच्या किडनीत हीच व्यवस्था मोडली. रक्तातलं प्रथिन घटलं, पाणी रक्तात टिकेना आणि अंगावर सूज आली. गळून गळून गाळण्याही खराब होत गेल्या."

मला आता आपलं ज्ञान दाखवायची संधी दिसली. "म्हणजे फायरवॉलच की, मॅडम. माझं कामच ते आहे."

"नाही. तुमचा फायरवॉल वाईट बाहेरच अडवतो. ही वाईट बाहेर सोडते आणि चांगलं आत राखून ठेवते. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, एवढंच तिला कळावं लागतं." त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "तुमची चांगलं सोडतेय. आणि तुम्ही त्याचे फोटो वाटताय, असं मैत्रीताई सांगत होत्या."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप होता का, औषधं कुठली, व्यायाम किती. मी पावडरचं सांगितलं, जिमचं सांगितलं. सिंहगडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गड उतरून सरळ लॅबमध्ये? का?"

"घाम दिसावा म्हणून."

त्यांनी रिपोर्ट बाजूला सरकवला. "अंगाला न झेपणारे श्रम केले तर चांगल्या किडनीतूनही दिवस-दोन दिवस प्रथिन गळतं. तसं असेल तर तुम्ही फक्त मूर्ख आहात आणि त्यावर उपचार लागत नाही. पण बहिणीचाच आजार तुमच्यातही असेल, तर तुमची किडनी मी घेऊ शकत नाही. हा आठवडा जिम नाही, पावडर नाही, गड नाही. रविवारी पुन्हा नमुना द्या."

बाहेर आलो. पार्किंगमध्ये गाडीत बसलो, पण चावी लाववेना. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. आधी वाटलं, हा धक्का असेल. मग कळलं की हा आनंद आहे. मला सुटल्यासारखं वाटत होतं. पोट फाडून घ्यायचं नाही, कुशीवर व्रण नको, एका किडनीवर उरलेलं आयुष्य नको, आणि यात माझा काही दोष नाही, डॉक्टरच नाही म्हणाल्या. असा मी. हीरोचा मग माझ्या बॅगेतच होता.

अर्थात डॉक्टर नाही म्हणाल्याच नव्हत्या. त्या रविवारी बघू म्हणाल्या होत्या. पण ऑफिसला पोचेपर्यंत माझ्या तोंडून ते 'रिजेक्ट झालो' असं निघालं. श्रीनिवासनं पुन्हा मिठी मारली, या खेपेला जरा सैल. दोन दिवसांत पोस्टर उतरलं आणि त्या जागी दिवाळीच्या फराळ स्टॉलची जाहिरात लागली. जिममधल्या एकानं म्हटलं, "एवढी बॉडी केली आणि आतून लीकेज?" तेव्हापासून कॅन्टीनमध्ये माझं नाव लीकेज पडलं. कंपनीची गळती थांबवायचा पगार घेणाऱ्या माणसासाठी हे नाव चांगलंच होतं.

पुढचा रविवार उजाडला. लॅब उघडायला अवकाश होता. पूर्वाला म्हटलं, जरा फिरून येतो. गाडी काढली आणि ती सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन उभी राहिली. गाडी आपोआप गेली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही माझ्याच पायाखाली होते.

मला आता एक गोष्ट नक्की ठाऊक होती. पळत वर गेलो, पळत खाली आलो आणि तसाच लॅबमध्ये गेलो, की पुन्हा डबल प्लस येणार. मग कुणीही मला काही विचारणार नाही. मी बुटांच्या नाड्या बांधल्या. आजूबाजूला मुलं, काका-काकू, निवृत्त माणसं उत्साहानं वाटेला लागत होती. पहिल्या चढापाशी टोपलीत मडकी मांडून एक दहीवाली बसली होती. मी तिच्यापर्यंत गेलो आणि खिशातला फोन वाजला. ताई.

"उठलास का? लॅबची आठवण आहे ना?"

"हो, उठलोय. घरीच आहे."

"दही घ्या, दही!" माझ्या कानाशी दहीवाली ओरडली. "मडक्यातलं गोड दही!"

मग ताई म्हणाली, "घरात दही विकायला काढलंस का?"

डॉक्टरांनी सिंहगडाबद्दल काय सांगितलं ते मीच तिला त्याच दिवशी शब्दन् शब्द सांगून टाकलं होतं. त्यामुळे मी कुठे आहे आणि कशाला आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"चढून झालाय की चढायचाय?" तिनं विचारलं.

"चढायचाय."

"बरं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता आणि त्यानंच मला जास्त लागलं. ती ओरडली असती तर मी उलटून काहीतरी बोललो असतो. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो.

"ताई, मला भीती वाटतेय गं. फार भीती वाटतेय. मॅडमनी रिपोर्ट पाहिला ना, तेव्हा बाहेर येऊन मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. तू तिकडे सुया टोचून घेतेस आणि मला बरं वाटलं." बोलता बोलता माझा आवाज घोगरा झाला आणि या खेपेला आरशासमोर सराव केलेला नव्हता.

"मलाही वाटलं," ताई म्हणाली.

"काय?"

"सुटल्यासारखं. तुझा तो फोटो बघून." ती थोडी थांबली. तिला त्या दिवसांत सलग बोललं की दम लागायचा. "तुझी किडनी घेऊन जगायचं म्हणजे काय, मी विचार केलाय. तू तपासणीआधीच पोस्टर लावून घेतलंस. पुढे माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुझं भाषण. मी चार माणसांत ग्लासभर पाणी प्यायले तरी तू त्यांच्याकडे बघून हसणार. त्यापेक्षा मशीन परवडलं. टोचतं, पण बोलत नाही."

ती अगदी बरोबर बोलत होती. वाढदिवसाच्या भाषणाची पहिली दोन वाक्यंसुद्धा माझ्या डोक्यात तयार होती.

"आणि तरी मला जगायचंय रे, प्रज्ञेश," ती म्हणाली. तिला इतक्या हळू बोलताना मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "खूप जगायचंय. पण तुझ्या उपकारावर नाही. कचेरीत मान वर करून बसायचंय मला."

बाजूनं एक काका घड्याळ बघत चढावर पळत गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"तेव्हा ऐक," ताईचा कचेरीतला आवाज परत आला. "तुला चढायचं तर चढ. मी कुणाला सांगणार नाही आणि तुला कधी विचारणारही नाही. द्यायची असेल तर गुपचूप द्यायची. आई, पूर्वा, दाजी आणि दवाखाना. त्याबाहेर एका माणसालाही कळता कामा नये. मला नंबर लागला आणि यादीतून किडनी मिळाली, असंच मी सगळ्यांना सांगणार. जमेल?"

"जमेल."

"नाही जमायचं. पण बघ." मग तिनं विचारलं, "दही कसं आहे?"

"खाल्लं नाही अजून."

"खा. मला बंद आहे. माझ्या वाटचं खा."

फोन ठेवून मी दहीवालीकडे मडकं मागितलं. तिनं माझ्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं. "एवढ्यात उतरला व्हय?"

"चढलोच नाही."

"मग काय ग्वाड लागायचं न्हाई बघा," ती म्हणाली आणि वर साखर जरा जास्त घातली. दही गोड लागलं. मी बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि हळूहळू, अगदी अंगाला कुठलाही ताण पडणार नाही अशा बेतानं गाडीपर्यंत चालत गेलो.

लॅबमध्ये नमुना दिला. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन: नाही. मी सवयीनं त्या ओळीचा फोटो काढला, ऑफिसचा ग्रुप उघडला, आणि अंगठा जिथे होता तिथेच धरून बसलो. मग फोटो पुसून टाकला. त्यानंतर आणखी कितीतरी तपासण्या झाल्या, लघवीची तर दोनदा. प्रत्येक वेळी गाळणी चोख निघाली. दवाखान्याच्या समितीनं मला समोर बसवून विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" गप्प बसण्याचा आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "नाही."

ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन आहे असं सांगून मी रजा घेतली. "जिममध्ये जड उचललंस ना?" श्रीनिवास म्हणाला. "बघ, शो-ऑफ नको म्हणत होतो मी." पोस्टर त्यानंच लावलं होतं, ही आठवण मी त्याला करून दिली नाही. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, गाडी लावताना, 'किडनी मीच देतोय' हे वाक्य रोज माझ्या दातांपर्यंत यायचं. मी गिळायचो. आयुष्यभर ज्याला सोडायचीच सवय, त्याला धरून ठेवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ऑपरेशनपेक्षा ते जास्त दुखलं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. ऑपरेशन फार दुखलं. भूल उतरल्यावर मी आईला हाका मारून मारून वॉर्ड डोक्यावर घेतला होता, असं पूर्वा सांगते.

माझी किडनी ताईच्या अंगात बसताच टेबलावरच कामाला लागली. काही दिवसांनी डॉक्टर मुजावर माझ्या खाटेपाशी आल्या. "बहिणीची गाळणी उत्तम चाललीय. प्रथिन नाही," म्हणाल्या आणि जाता जाता थांबल्या. "तुमच्या तोंडाचीही बरी चाललीय, असं ऐकते." मला ते पोस्टरवरच्या ओळीपेक्षा जास्त आवडलं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

चार-पाच महिने गेले. ताईच्या चेहऱ्यावरची सूज गेली, हाडं दिसायला लागली आणि सगळे नातेवाईक 'तब्येतीला काय झालं?' विचारायला लागले. म्हणजे ती बरी झाली होती. एका रविवारी मी आणि पूर्वा तिच्याकडे गेलो तर मुक्ताई मावशी आलेली. आईची मोठी बहीण, मंडईतून ताईसाठी डाळिंबं घेऊन. आम्हाला बघून तिनं 'जय भीम' केला, पण माझ्या वाटणीचा जरा लांबूनच.

चहा झाला. ताई तांब्यातून ग्लासात पाणी ओतून घेत होती. तिनं ग्लास भरून घेतला, काठोकाठ, आणि एका दमात संपवला. पुन्हा भरला. मी खिडकीबाहेर बघितलं. त्या पाण्याकडे बघून हसायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

"कुणा पुण्यवान माणसाची मिळाली गं तुला," मुक्ताई मावशी म्हणाली. "ना ओळख, ना देख. परकी माणसं देऊन जातात. नाही तर आपली." तिनं माझ्याकडे मान वळवली. "आपल्या माणसांच्या किडन्या फोटोपुरत्या. ऐन वेळेला बऱ्या गळायला लागल्या."

आईनं पदर तोंडाला लावला. दाजी उगाच उठून पंख्याचं बटण बघायला गेले. पूर्वाचा हात माझ्या गुडघ्यावर आला. माझ्या कुशीतला व्रण शर्टाखाली खाजत होता, आणि ते वाक्य आलं, जिभेवर आलं, दातांवर आलं. मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला आणि प्यालो. काही नव्हतं त्यात.

"खरंय, मावशी," मी म्हणालो.

ताईनं ग्लास खाली ठेवला. टेबलावर आवाज झाला.

"मावशी, ही त्याचीच आहे."

"काय?"

"किडनी. माझ्या पोटात आहे ती. प्रज्ञेशची. त्यानं दिली आणि मी त्याला तोंड शिवायला लावलं. ऑफिसात लोक लीकेज म्हणतात त्याला. ऐकून घेतो." ताईचा आवाज फाटला. तिनं डोळे पुसले नाहीत, तसंच बोलत राहिली. "माझा भाऊ आहे तो. पुन्हा असं बोलायचं नाही."

मावशी उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिली. डाळिंबाची पिशवी तिच्या मांडीवरून घसरली आणि एक डाळिंब घरंगळत पलंगाखाली गेलं. मी इतका गांगरलो की ते काढायला खाली वाकलो आणि व्रण ओढला गेल्यानं कण्हत तिथेच बसलो.

"ताई," मी जमिनीवरूनच म्हणालो, "अट तुझीच होती."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा ग्लास भरून घेतला. "काय करू? तुझीच किडनी. गुण लागला. आता माझ्याही तोंडात तीळ भिजत नाही."